पितळ, कोळसा, कोसा

माझ्या कामासमोर थांबणारे लोक साधारण दोन प्रश्न विचारतात. नागपूरच्या गॅलरीतला माणूस विचारतो, यातून तुम्हाला काय सांगायचं आहे? पवनी-मोहाडीकडचा माणूस आधी मागे जाऊन वायर कुठं गेली ते बघतो आणि मग विचारतो, "हे चालते कसं जी?" मला दुसरा प्रश्न अधिक कामाचा वाटतो. आवाज, हलतं चित्र, उजेड, सेन्सर असं सगळं एकत्र आलेल्या कामाचा अर्थ बराचसा त्याच्या चालण्यातच असतो. आवाज कशाने पकडला, कशातून परत वाजवला, चित्र कशावर पाडलं, हे कळलं की निम्मं काम कळतं. उरलेलं निम्मं ज्याचं त्याने बघावं.

मी भंडारा जिल्ह्यातली, चित्रकला शिकते नागपुरात. माझ्या तीन कामांबद्दल इथे लिहिते आहे. तिन्हींचं साहित्य जिल्ह्यातलंच आहे, आणि प्रत्येक वेळी साहित्य आधी आलं, माध्यम मागून.

पितळेपासून सुरुवात करते. भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांची. स्टील आणि प्लास्टिक घरोघरी आल्यावर कारखाने रोडावले, पण भांडी घडवण्याचा ठोका अजून ऐकू येतो. या धंद्याचे फोटो खूप निघतात: रांगेत मांडलेले गुंड, गंज, कोपर, त्यावर चमकणारं ऊन. फोटोत हात दिसतो, हाताचा जोर दिसत नाही. तो आवाजात असतो, म्हणून मी आवाज टिपायचं ठरवलं.

साधा माइक हवेतला आवाज ऐकतो. गल्लीत तो लावला की ठोक्याबरोबर स्कूटर, कुकरची शिट्टी आणि शेजारचा टीव्हीही येतो. मला धातूच्या अंगातला कंप हवा होता. त्यासाठी कॉन्टॅक्ट माइक लागतो, आणि तो हातानं बनवता येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिझो डिस्क नावाची चकती मिळते. गाणं वाजवणारी शुभेच्छापत्रं, घड्याळांचे गजर, खेळणी यांत तीच असते. खाली धातूची पातळ चकती, वर सिरॅमिकचा पांढरा थर. हा थर किंचित वाकला की त्याच्या दोन पृष्ठभागांवर विद्युतभार जमतो. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी स्फटिकांमधला हा गुण १८८० मध्ये दाखवला. चकतीला दोन वायरी डाग देऊन जोडायच्या आणि ती भांड्याला घट्ट चिकटवायची. भांडं थरथरलं की चकती वाकते आणि वायरीत तसाच विजेचा कंप उमटतो. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक चकत्यांचा तळ पितळेचाच असतो. पितळच पितळेला ऐकतं.

चकती थेट रेकॉर्डरला जोडली तर आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ येतो. कारण समजून घेण्यासारखं आहे. ही चकती विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटरही असते. साधारण २७ मिलिमीटरच्या चकतीची धारिता २० नॅनोफॅरडच्या आसपास भरते. पुढच्या यंत्राच्या रोधाबरोबर तिची चाळणी तयार होते आणि खालचे सूर त्या चाळणीत अडतात. यंत्राचा रोध १० हजार ओहम असेल तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं दबतं, म्हणजे गुंडाचा घुमारा गेलाच. रोध १० लाख ओहम केला तर हीच सीमा ८ हर्ट्झवर उतरते. माणसाला २० हर्ट्झच्या खालचं ऐकूच येत नाही, त्यामुळे काहीच गमावत नाही. म्हणून चकती आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये एका ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीअँप्लिफायर बसवायचा. त्याची किंमत किरकोळ असते, पण सगळ्या कामाचा जीव तोच.

आता ठोक्याकडे येऊ. ठोक्याचे दोन भाग असतात. हातोडा पत्र्याला भिडतो ते पहिले काही मिलिसेकंद, आणि त्यानंतर विरत जाणारा नाद. नाद भांड्याचा: किती मोठं, किती जाड, कुठे वळलेलं. सुरुवातीचा टोला हातोड्याचा आणि हाताचा. माझ्या फोनवर टिपलेला एक तुकडा ऐकून एक म्हातारे कारागीर म्हणाले होते, "आवाज त बरोबर हाये, पन हातोडा कोनता ते समजत नाही ना बाई." त्यांचं अगदी खरं होतं. फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो. मोठा आवाज आला की खाली दाबतो, लहान आला की वर उचलतो. त्यात टोला बोथट होतो आणि नाद फुगतो. म्हणून अशा कामाला पातळी हाताने ठरवता येणारा रेकॉर्डर घ्यावा, आपोआपची सोय बंद करावी, आणि सगळ्यात जोराचा ठोका कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली राहील इतकी जागा सोडावी. रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर एका मिलिसेकंदाच्या वाट्याला ४८ नमुने येतात. टोल्याची धार टिपायला तेवढे पुरतात.

टिपलेल्या आवाजात कामाचा क्रमही ऐकू येतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ठोकून वाकवायच्या पत्र्यात तांबं साधारण ७० टक्के असतं. ठोकत गेलं की पत्रा कडक होतो, तसाच पुढे ठोकला तर चिरतो. म्हणून मध्ये तो तापवून मऊ करावा लागतो. ठोक्यांची सलग लय, मग भट्टीची लांब शांतता, मग पुन्हा लय. ही शांतता मी कापली नाही. प्रदर्शनात लोक तिथे चुळबुळ करतात. करू देत. भांडं घडायला लागणाऱ्या वेळात तीही येते.

आता हा आवाज परत कशातून वाजवायचा? स्पीकर ठेवला असता तर तो कुठल्याही कार्यक्रमातला आवाज झाला असता. मी एक्सायटर वापरले. एक्सायटर म्हणजे कागदी शंकू काढून टाकलेला स्पीकर: चुंबक, तारेचं वेटोळं आणि चिकटायला एक तबकडी. तो ज्या वस्तूला लावाल ती वस्तूच स्पीकर होते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ च्या 'रेनफॉरेस्ट'मध्ये हेच तत्त्व वापरलं, वस्तूंनाच बोलतं केलं. गुंडाला एक्सायटर लावला की गुंड वाजतो, पण अडचणही सुरू होते. गुंडाचा स्वतःचा नाद रेकॉर्डिंगमध्ये आधीच आहे, आणि वाजवताना गुंड त्यावर आपला नाद पुन्हा चढवतो. काही सूर दुप्पट फुगतात, काही गडप होतात. त्यासाठी आधी प्रत्येक भांड्याला हलकेच टिचकी मारून त्याचा नाद मोजायचा, आणि वाजवायच्या आवाजातून नेमके तेच सूर थोडे कमी करायचे. बाकीचं भांडं भरून काढतं.

भांडं जमिनीवर ठेवलं तर नाद मरतो. म्हणून प्रत्येक गुंड चुंबळीवर ठेवला. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बायांची ही कापडी चुंबळ ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेही चोख आहे, कारण ती भांड्याला आधार देते पण फारशी दाबत नाही. एका गुंडात निम्मं पाणी भरलं आहे. पाणी भरलं की नाद खाली उतरतो, कारण थरथरणाऱ्या भिंतीला आता पाण्याचं ओझंही हलवावं लागतं. प्रेक्षकाने तांब्याने पाणी घालावं किंवा काढावं आणि सूर बदलावा, एवढंच त्या गुंडाजवळ करायचं असतं. मुलं तिथून हलत नाहीत.

एक आडवाट. याच ट्यूडरांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ उभारला. त्याच साली मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या पैशांतून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. चित्रकारांच्या हाती तिथे कॅमेरे आणि एडिटिंगची साधनं आली. जे. जे. मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानींनी तिथेच पुठ्ठ्याच्या घरांची 'ड्रीम हाउसेस' ही फिल्म केली. आणि १९६९-७० मध्येच नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खातं पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूप खणून काढत होतं. या तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मल्टिमीडिया म्हणजे कालपरवा मोबाइलबरोबर आलेली चीज, असं कुणी म्हणालं की मी हे साल सांगते.

दुसरं काम पाण्याचं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगा चढली आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरली. त्याच नदीवर खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण आहे, लांबी अकरा किलोमीटरहून जास्त. राजीव गांधींनी एप्रिल १९८८ मध्ये त्याची पायाभरणी केली. पुराचं पाणी आलं आणि गेलं, धरणाचं आलं ते राहिलंच. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर एक मातकट रेघ उरते. चुना मारला तरी ती पुढच्या पावसाळ्यात ओलीबरोबर डोकावते.

पुसूनही न जाणारी रेघ काढायची तर कोळशासारखं माध्यम नाही. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांनी १९८९ पासून ही पद्धत नावारूपाला आणली. कागदावर कोळशाने चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, तिथेच थोडं वेगळं काढायचं, पुन्हा फोटो. कागद एकच. पुसलेल्या रेघेची सावली कागदात राहते आणि फिल्मभर दिसत राहते. आपल्याकडचं जवळचं उदाहरण प्रभाकर पाचपुते यांचं. ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातल्या सास्तीचे, जन्म १९८६. शिक्षण खैरागड आणि बडोद्याला. कोळसा खाणीच्या मुलखातला हा माणूस कोळशानेच खाणकामगार काढतो, भिंतभर काढतो आणि त्यांना हलवतोही. २०२१ मध्ये वेल्समधलं 'आर्टेस मुंडी' हे पारितोषिक इतर पाच कलावंतांसह त्यांना मिळालं. विषय आणि साहित्य एकच असण्यात किती ताकद असते, ते मी त्यांच्या कामावरून शिकले.

कोळसा दोन जातींचा असतो. चिकट मिसळून दाबलेला कोळसा काळाभोर दिसतो, पण पुसला जात नाही, त्यामुळे या कामाला निरुपयोगी. काड्या जाळून केलेला मऊ कोळसा हवा. आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर असते. तिच्या वाळक्या काड्या सारख्या लांबीच्या कापायच्या, पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. आत हवा नसल्यामुळे काडी पेटत नाही, तिच्यातला धूर तेवढा भोकातून निघून जातो. धूर थांबला की कोळसा तयार. डबा पूर्ण गार होईपर्यंत मात्र उघडायचा नाही. गरम काडीला हवा लागली की ती पेटते आणि हाती राख येते.

कॅमेरा वरून खाली बघणाऱ्या स्टँडवर पक्का बांधायचा. फोकस, उजेड, रंगाचा तोल, सगळं हाताने ठरवून कुलूपबंद करायचं. सेकंदाला १२ फोटो धरले तर एका मिनिटाला ७२० लागतात. समजा, कागदावरचं पाणी २० सेकंदांत ३० सेंटिमीटर चढवायचं आहे. म्हणजे २४० फोटो, प्रत्येक वेळी सव्वा मिलिमीटर. पण तसं सारखं चढवलं तर पाणी लिफ्टसारखं दिसतं. पूर तसा येत नाही. आधी तो नुसता पायरीला लागतो आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो, मग बघता बघता चढतो, मग वर थबकतो. म्हणून सुरुवातीला अर्धा मिलिमीटर, मध्ये अडीच-तीन, शेवटी पुन्हा अर्धा. हालचालीतलं सगळं कसब या अंतरांच्या वाटपात आहे.

उजेडाचा त्रास वेगळाच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर एकपन्नासांश सेकंद ठेवलं की प्रत्येक फोटोत दोन पूर्ण चक्रं येतात आणि लुकलुक जाते. संध्याकाळी व्होल्टेज पडतं ते मात्र शटरने सुटत नाही. त्यावर उपाय बॅटरीवरचा दिवा. या पद्धतीत मागे जाता येत नाही. पुसलेलं चित्र गेलं, त्याचा फक्त फोटो आहे. सगळं झाल्यावर हातात एकच मळका कागद उरतो, तो मी फिल्मशेजारी टांगते.

तिसरं काम कोशाच्या कापडावर पाडलेल्या चित्राचं. मोहाडी तालुक्यात, आंधळगावच्या बाजूला कोसा, म्हणजे जंगली रेशीम, विणतात. त्याच्या अळ्या जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढतात. कोशातून धागा काढणारे हात मी चित्रित केले आणि तेच हात कोशाच्या पडद्यावर मागून पाडले. मागून अशासाठी की प्रेक्षकाची सावली चित्रात येऊ नये. पण कापड विरळ आहे, त्यामुळे प्रोजेक्टरच्या भिंगाचा झगझगीत ठिपका पलीकडून डोळ्यात घुसतो. प्रोजेक्टर जमिनीलगत ठेवून वरच्या दिशेला वळवला की भिंग आणि डोळा एका रेषेत येत नाहीत. कोशाचा मूळ रंग बदामी, तो निळा उजेड खातो. म्हणून चित्रात निळा आधीच वाढवून ठेवावा लागतो.

पडदा किती मोठा? हौस सगळ्यांनाच मोठ्याची असते, पण हिशेब निर्दय आहे. ३,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच पडद्यावर १,२०० लक्स देतो. रुंदी-उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि हातात ३०० उरतात. कोशातून पार होताना त्यातलेही बरेच जातात. मी २ मीटरवर थांबले.

माणूस जवळ आला की हातांची गती मंदावते, पडद्याशी पोचला की हात थांबतात. चित्रण सेकंदाला १०० फ्रेमचं आहे, त्यामुळे चौपट संथ केलं तरी २५ उरतात आणि चित्र अडखळत नाही. माणसाचं अंतर कळायला सेन्सर लागतो. दुकानदार आधी पीआयआर सेन्सर देतो, आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असतो तो. तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक हेरतो. पुण्यात चालत असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, भिंत अंगाइतकीच तापते आणि सेन्सर आंधळा होतो. शिवाय अंतर त्याला कळतच नाही.

म्हणून ध्वनीने मोजणारा सेन्सर. तो ४० किलोहर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. इथेही उन्हाळा आडवा येतोच. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. जुनाच आकडा प्रोग्राममध्ये ठेवला तर २ मीटरवरचा माणूस सुमारे १ मीटर ९२ सेंटिमीटरवर दिसतो. तापमापकाची एक चिप जोडली की वेग आपोआप सुधारतो. सुती कपडे आवाज पिऊन टाकतात, म्हणून एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. पाच घेऊन मधली धरायची.

अशी कामं फक्त गॅलरीत दाखवावीत असं मला वाटत नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. तिथे प्रेक्षक आधीच जमलेला असतो आणि तो बारकाईने बघतो. फक्त जनरेटर केव्हा बंद पडेल सांगता येत नाही. अचानक वीज गेली की काम चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून ते केवळ वाचण्यापुरतं उघडं ठेवायचं आणि सोबत एक प्रत खिशात.

प्रतीवरून शेवटचा मुद्दा. पदमसींनी त्या वर्कशॉपमध्ये दोन फिल्म केल्या. रेषा आणि बिंदूंची 'सिझिजी' आज बघता येते. दुसरी, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', हिची एकुलती प्रत हरवली ती कायमची. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी पदमसींच्या आठवणींवरून तिच्याबद्दल नवी फिल्म केली, पण मूळ गेलं ते गेलंच. चित्र माळ्यावर पडून टिकतं, फाइल तशी टिकत नाही. म्हणून आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, एमपी३ मध्ये नको, कारण ते जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग फेकून देतं. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा, आणि फाइलच्या नावातच तारीख, गाव आणि वस्तू लिहा.

घरातला जुना गुंड किंवा कोपर मोडीत द्यायला काढाल तेव्हा एक कराच. चुंबळीवर ठेवून त्याला लाकडी पळीने एक टोला द्या, नाद पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि टिपून घ्या. चांगला रेकॉर्डर नसेल तर फोनवर टिपा. मोडीचा भाव वजनावर मिळतो, नादाचे पैसे कुणी देत नाही, आणि पितळ वितळलं की तो पुन्हा ऐकायला मिळत नाही.